चातुर्मासातला कंद

आमच्या मॅडम सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. विश्रामबागेतल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि चातुर्मासात कांदा, लसूण, बटाटा यांना शिवायच्या नाहीत. कारण साधं: फळ तोडलं तरी झाड राहतं, कंद उपटला की अख्खा जीव जातो. मी औंधकडचा, त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारा. मी चिडवायचो, "मॅडम, तुमच्या धर्मात आमची कांदाभजी बसत न्हाईत." त्या हसायच्या आणि माझ्यासाठी एक प्लेट मागवायच्या.

महाबळेश्वरच्या खालच्या रानात आम्हाला ती वेल सापडली, तीही नेमकी चातुर्मासात. हिरवट फूल, आत जांभळे ठिपके, पाकळ्यांची टोकं वर एकमेकांना चिकटलेली. काय देखणं प्रकरण होतं म्हणून सांगू! मॅडमनी एक फूल भिंगाखाली धरून पुस्तकांशी, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं. कशाशीच जुळेना. नवी जात! मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण नव्या जातीचं वर्णन छापायचं तर पुरावा म्हणून एक झाड सुकवून कायमचं ठेवावं लागतं. या वेलींची ओळख कंदावाचून पुरी होत नाही, म्हणजे मुळासकट उपटणं आलं. वेली तर बोटांवर मोजण्याइतक्या. मॅडम आठवडाभर आज-उद्या करत राहिल्या, आणि इकडं त्याच उतारावर हॉटेलच्या रस्त्यासाठी चुन्याच्या खुणा पडलेल्या. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"आवं मॅडम, कंद न्हाई तर वर्णन न्हाई, वर्णन न्हाई तर नाव न्हाई. बिननावाच्या झाडाची दाद-फिर्याद कोण ऐकणार? जेसीबी आला की सगळ्याच जातील!"

"उद्या जाऊ," त्या म्हणाल्या.

सकाळी मी खुरपं घेऊन वाकलो, तर ते त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. पावसात, चिखलात गुडघे टेकून बसल्या. वरची माती उकरली, मग बोटांनीच बाजूला केली. एक बारीक मूळसुद्धा तुटू दिलं नाही. लिंबाएवढा कंद निघाला. तो धुतला, मापला, रंग उडायच्या आत लिहून घेतला, वेल कागदावर पसरून दोन फळ्यांमध्ये दाबून बांधली. इतकं निगुतीचं काम मी कुणाचं पाहिलेलं नाही.

परतताना टॅक्सीत त्यांनी दशम्यांचा डबा उघडून माझ्यापुढं केला. मला कडकडून भूक लागलेली. डबा निम्मा झाल्यावर ध्यानात आलं, त्यांनी घासही घेतला नव्हता.

"तुमी?"

"माझा उपवास."

"आज ना अष्टमी, ना चतुर्दशी!"

त्यांनी मांडीवरच्या फळ्यांवर हात ठेवला. "हिच्यासाठी धरलाय."

हातातली दशमी मी डब्यात परत ठेवली. मला इतकं वाईट वाटलं की मी उलट त्यांच्यावरच चिडलो. "मग खुरपं कशाला घेतलं? मी खणलं असतं की! मला काय त्याचं?"

"वर्णन माझ्या नावानं छापून येणार ना?" त्या म्हणाल्या. "मग पापही माझ्याच नावावर असू दे."