नुसत्या ब्राह्मीवर

आमच्या कॉलनीत अजून सांगतात, सरांनी ब्राह्मीच्या रसावर बायकोला बरं केलं. कोपरगावजवळच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे लोकांना ते पटतंही. ते खरं नाही.

त्या वर्षी पत्नी हळूहळू गप्प होत गेली. कारण असं काही नव्हतं. ओट्यावर बसायची आणि उन्हाचा पट्टा तिच्या पायांवरून सरकत भिंतीवर चढला तरी हलायची नाही. सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं संथ झालं होतं. कुकरची शिट्टीसुद्धा फार दुरून यायची. नगरच्या डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले. मी त्या कॅल्शियमच्या बाटलीत भरून ठेवल्या; ती त्यातूनच रोज घ्यायची. वेडाच्या गोळ्या, असं कुणी म्हणायला नको.

मग मी वाचत बसलो. हळदीतलं कर्क्युमिन, केशर, ब्राह्मीतली द्रव्यं उदासीवर तपासली जात आहेत, थोडी आशा दिसते, पक्कं अजून काही नाही, असं सगळीकडे असायचं. त्यातलं शेवटचं मी भरभर वाचून पुढे जात असे. मागच्या नळाजवळच्या ओलीवर ब्राह्मी लावली. दव असतानाच खुडायची, वाटायची, दुधातून द्यायची. त्या सकाळी अजून स्वप्नात येतात. जाडसर इवली पानं, मधूनच एखादं फिकट जांभळं फूल, उसावरून तरंगत येणारा कारखान्याचा गोडसर वास. आणि एके दिवशी पाठीमागून तिचा आवाज, "चहात आलं घालू का हो?"

कित्येक आठवड्यांनी तिने आपणहून काही विचारलं होतं. मी वाकून पानं खुडतच राहिलो, कारण डोळे भरले होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ब्राह्मीची रोपं वाटायची कल्पना माझीच. बायकांपुढे मी छोटं भाषणही ठोकलं.

"सर, हिचा रस नवऱ्यांना चालतो का? त्यांनाच जास्त गरज आहे," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. तो ओसरल्यावर मागच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "सर, नुसत्या ब्राह्मीवर? दुसरं काहीच नाही?"

पत्नी तिळगूळ आणायला आत गेली होती.

"नुसत्या ब्राह्मीवर," मी म्हणालो.

बाईही तसल्याच गोळ्या घेत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या एकदम बंद केल्या. होळीच्या सुमारास त्यांचे यजमान आले. "सर, ही झोपत नाही, जेवत नाही. मी नसले तर बरं, म्हणते. गोळ्या तर तुमचं ऐकूनच सोडल्यात. रस वाढवू का?"

निदान तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "दोन चमचे करा."

पत्नीने आतून ऐकलं. पदराला हात पुसत बाहेर आली. "यांचं काही ऐकू नका. मी आजही गोळ्या घेते, रोज. चला, मी येते तुमच्याबरोबर. तिला एकटं ठेवू नका."

त्याच दुपारी ती तिघं नगरला गेली. गाडीत जागा होती. मला कुणी बसा म्हणालं नाही.

बाई सावरेपर्यंत उन्हाळा सरला. सरांनी वेळेवर डॉक्टरकडे पाठवलं, असंही लोक म्हणू लागले. तेही मी खोडलं नाही. आज दोन्ही खोडतो आहे.

बाई बऱ्या होऊन पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या,

"तुम्हाला त्या गोळ्यांची लाज वाटली ना, सर? मलाही वाटायची. म्हणून तर तुमचं लगेच पटलं."

मग "काकू आहेत ना?" म्हणत आत गेल्या. गोळी जेवणाआधी की नंतर, तोंड कोरडं पडतं का, असं दोघींचं चाललं होतं. दार उघडं होतं. आवाज कुणीच दाबत नव्हतं. मी ओट्यावर बसून ऐकत राहिलो.