रोह्याच्या हद्दीतला कप्तान

दामोदर म्हात्रे गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. पलीकडे त्यांच्या पत्नी सुमनवहिनी होत्या. सारी नोकरी पेणच्या न्यायालयात काढलेल्या माणसाची सवय जात नाही. मी प्रथम वेळ विचारली, मग कारण विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही या फक्त." मी रोह्याची गाडी पकडली. कासू गेले, नागोठणे गेले, आणि डब्यात बसून मी मनातल्या मनात आमच्या जुन्या वादाची उलटतपासणी करीत राहिलो, ज्याचे उत्तर देणारा माणूस आता नव्हता…

नंतर एका साप्ताहिकाने त्यांच्यावर चार ओळी छापल्या. कंपनीतील कर्मचारी, मनमिळाऊ स्वभाव, चित्रपट पाहण्याचा छंद. यातील शेवटच्या शब्दास माझी हरकत आहे. छंद टपाल तिकिटांचा असतो. म्हात्र्यांचा एका चित्रपटाशी जो संबंध होता, तो छंद नव्हता, वाद होता. तो अनेक वर्षे चालला आणि त्यात विरुद्ध पक्ष मी होतो. तेव्हा खुलासा करण्याचा अधिकार मला पोचतो.

या दशकाच्या आरंभी 'नीले ग्रह के पहरेदार' नावाचा, हिंदीत आवाज दिलेला एक परदेशी विज्ञानपट पेणच्या टॉकीजमध्ये लागला होता. बंद पंखे, खुर्च्यांतील ढेकूण आणि मनमानी मध्यंतर यांविषयी मी साप्ताहिकाला सविस्तर पत्र लिहिले. त्यात ओघाने एवढेच नमूद केले, की शेवटी अंतराळयान वाचवताना कप्तान मरतो, त्या गंभीर प्रसंगी येथील डोअरकीपर उघड्या दारातून भजीवाल्याशी गप्पा मारीत होता. पुढच्या रविवारी माझ्या दारात एक सडपातळ गृहस्थ उभे. अंगात कंपनीचा शर्ट, हातात घडी घातलेले साप्ताहिक.

"हे पत्र तुमचं? पंख्यांचं लिवलंय ते बरोबर हाय. पण कप्तान मरतो हे कोणी सांगितलं तुमाला?"

"मी स्वतः पाहिले आहे."

"मी पण बघितलाय, रोह्याला. मरतो, आणि परत येतो. काचेशी उभा ऱ्हाऊन निळा ग्रह बघतो, आणि पिच्चर संपतो."

मी शेजारच्या दोघांना साक्षीला बोलावले. त्यांनी माझ्या बाजूने सांगितले. पुढच्या रविवारी म्हात्रे रोह्याहून एका शिंप्याला घेऊन आले. त्याने शपथेवर सांगावे तसे कप्तान परत आल्याचे सांगितले. एकाच चित्रपटाबद्दल दोन गावे दोन जबान्या देत होती, आणि दोन्हींतला कोणीही खोटे बोलत नव्हता. अखेर आम्ही दोघे रोह्याच्या टॉकीजच्या ऑपरेटरला भेटलो, तेव्हा उलगडा झाला. चित्रपटाची प्रत एकच. पेणचा मुक्काम संपला की पत्र्याच्या डब्यांतून ती आगगाडीने रोह्याला जाई. वाटेत डब्यांवरच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या होत्या. ऑपरेटरने अंदाजाने रिळे लावली आणि शेवटच्या दोहोंची अदलाबदल झाली. कप्तानाच्या मृत्यूचे रीळ आधी लागले. तो जिवंत असलेले, खरे तर त्याच्या आधीचे, रीळ शेवटी.

आठवडाभर रोह्याने हाच चित्रपट पाहिला आणि एकाही माणसाने तक्रार केली नाही. याचा मला अतोनात संताप आला. संपूर्ण गावाला चुकीचा शेवट विकला गेला होता. मी नोटिशीचा मसुदा तेथेच सुरू केला. म्हात्रे शांतपणे म्हणाले, "तक्रार कोण करंल, वकीलसाहेब? मेलेला माणूस परत आला, तर तक्रार करतात काय?"

मी वकील नव्हतो, शिरस्तेदार होतो. हे मी त्यांना प्रत्येक भेटीत सांगितले आणि त्यांनी प्रत्येक भेटीत मान डोलावून मला वकीलसाहेब म्हटले. उलगडा झाला म्हणून त्यांनी आपली बाजू सोडली नाही. "पेणला त्यांनी बनवलेला पिच्चर लागला, रोह्याला खरा लागला," हे त्यांचे म्हणणे. त्यानंतर आम्ही अनेक चित्रपट एकत्र पाहिले. पडदा पांढरा झाला, लोक उठले, तरी म्हात्रे हलत नसत. "बसा. अजून एक रीळ असंल." डोअरकीपर विजेरी घेऊन येई. "ओ काका, संपला पिच्चर." म्हात्रे म्हणत, "तुझा संपला. आमचा रोह्याचा हाय."

'पहरेदार'चा दुसरा भाग पेणला लागला, तेव्हा ते आजारी होते. पोटाचा विकार मुंबईच्या डॉक्टरांच्याही हाताबाहेर गेला होता, आणि हे त्यांना ठाऊक होते. तरी ते वहिनींना घेऊन पेणला आले. वहिनी उतरताच माझ्यावर घसरल्या. "प्रवास करू नको सांगितलाय यांना. चार दिवस थांबा, रोह्याला येईलच पिच्चर, तर ऐकत नाय." म्हात्रे म्हणाले, "पेणला रिळं सरळ लावतात, गो. एकदा काय ते खरं बघू दे."

चित्रपट उघडला तो कप्तानाच्या समाधीवर. दगडावर त्याचे नाव, पुढे त्याची तरुण मुलगी उभी. शेजारच्या खुर्चीत म्हात्र्यांनी हाताची घडी घातली आणि मध्यंतरापर्यंत सोडली नाही. वडा समोर तसाच राहिला. "एवढं तोंड पाडायला तुमचा भाऊ लागतो काय तो?" वहिनी म्हणाल्या, पण वडा त्यांनीही खाल्ला नाही. उत्तरार्धात मुलगी आपले यान एका पांढऱ्या ग्रहावर उतरवते. लांबवर पसरलेले सपाट मैदान, उथळ पाण्याचे चौकोन, त्यांत पडलेले आभाळ. म्हात्रे एकदम पुढे सरकले. त्यांचे बालपण खाडीकाठच्या मिठागरात गेले होते. "बघ, गो… आपलं मिठागर." शेवट झाला, दिवे लागले. ते बसून राहिले, आम्ही दोघेही बसून राहिलो. कप्तान आला नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर माझा तोल सुटला. दुसरा भाग बनवणाऱ्यांनी रोहेकरांना नोटीस दिली नाही, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही, आणि परस्पर कप्तानाला मृत ठरवले. हा नैसर्गिक न्यायाचा उघड भंग आहे, असे मी मोठ्याने म्हणालो. म्हात्रे बशीत चहा ओतून निवांत फुंकत होते.

"अर्धा पिच्चर लय भारी हाय. पोरगी चांगली दाखवलीय. मिठागर तर…"

"आणि उरलेला अर्धा?"

"अर्ध्यात तो नाय."

मी मुंबईच्या वितरकाला पत्र लिहायला घेतले. म्हात्र्यांचा आग्रह, की मिठागराची तारीफ त्यात आलीच पाहिजे. तक्रारीत कौतुक घातले की दावा लुळा पडतो, हे मी परोपरीने समजावले. "पडू दे लुळा. आवडलं ते आवडलं. खोटं कसं लिवायचं?" माझ्या आयुष्यातील हे एकमेव तक्रारपत्र, ज्याचा पहिला परिच्छेद आभाराचा आहे. त्याला उत्तर आले नाही.

शेवटची भेट रोह्याला, त्यांच्या घरी. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारले, "उत्तर आलं?"

"नाही. स्मरणपत्र पाठवतो."

"ऱ्हाऊ दे. तुमीच सांगा आता, वकीलसाहेब… येतो ना तो परत?"

एवढ्या वर्षांत मी या वादात एक अक्षर मान्य केले नव्हते. पुरावा माझ्या बाजूने होता, आजही आहे. खोटे बोलणे मला जमत नाही, आणि बोललो असतो तर त्यांनी ते चटकन ओळखले असते. शेवटी मी म्हणालो, "रोह्याच्या हद्दीपुरते मान्य आहे."

ते हसू लागले. हसता हसता खोकला लागला, वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "हसवू नका ओ, भाऊजी, त्यांना." श्वास जागेवर आल्यावर त्यांनी विचारले, "हद्द कुठपर्यंत?"

"नागोठण्याच्या अलीकडे."

"मग मी हद्दीतच हाय," म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.

मागच्या आठवड्यात मी पेणच्या टॉकीजमध्ये एकटाच गेलो. चित्रपट कोणता होता, हे महत्त्वाचे नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती. पडदा पांढरा झाला, लोक उठले, दरवाजे उघडले गेले. ज्याच्याविरुद्ध मी आजवर किती पत्रे लिहिली याची मोजदाद नाही, तो डोअरकीपर विजेरी घेऊन रांगेपाशी आला. त्याने माझ्याकडे पाहिले, रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि विजेरीचा झोत खाली केला.

"काका… संपला पिच्चर."

पेणच्या हद्दीत तो संपला आहे, हे मला मान्य असल्याचे मी त्याला सांगितले, आणि बसून राहिलो.