अळणी चातुर्मासातल्या गोळ्या

माझ्या सासूबाईंचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर नव्हता. वालूरच्या घरात आम्ही दोघी आणि आमचे हे, एवढीच माणसं. हे शाळेत मास्तर. सकाळी गेले की दिवेलागणीला उगवायचे. तोवर आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून.

त्या पावसाळ्यात सासूबाईंचं तोंड आलं, तळपायाला मुंग्या यायला लागल्या. सेलूच्या डॉक्टरांनी बी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि रोज एक द्यायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्याच दिवशी सासूबाई मोरीतून बाहेर आल्या त्या माझ्याकडे रोखून बघतच.

"हळदीवानी पिवळं व्हायलंय. काय चारायलीस मला?"

"गोळीचा रंग आसंल, आत्याबाई."

"लय औषधं खाल्ली आजवर. असला रंग कवा न्हाई आला."

डॉक्टरांनी हे आधी सांगायला काय झालं होतं, असं वाटून माझा जळफळाट झाला. ह्यांनी समजूत घातली म्हणून त्या गोळी घ्यायच्या, पण माझ्या हातचं पाणी बंद केलं. स्वतः आडावरून कळशी आणायची, उशाशी ठेवायची आणि तांब्यावर तांब्या रिचवायचा. गोळी उष्ण पडली, ती धुऊन निघाली पाहिजे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मला वाटायचं, आडावरच्या बायकांना दाखवायला हे सगळं चाललंय. सून म्हातारीला पाणीसुद्धा देत नाही म्हणून. त्यात चातुर्मास. दर वर्षी त्या काही ना काही सोडायच्या, त्या वर्षी मीठ सोडलं होतं. अळणी वरण, अळणी भाकरी, वर पाणी. तेही मला खटकायचं. माझ्या जेवणाला नावं ठेवायची नवी रीत, दुसरं काय.

मग त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. उलट्या सुरू झाल्या. त्यावर उपाय म्हणून आणखी पाणी. एका सकाळी लेकाकडे पाहून त्यांनी विचारलं, "ह्यो कोण बसलाय?"

ह्यांचा चेहरा उतरला. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारीला काही झालं तर या घरात माझं काय होणार, ते मला त्या नजरेत दिसलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलेलं, एस.टी. बंद. बैलगाडीतून सेलू गाठलं, तिथून रेल्वेने परभणीचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या.

"या गोळीनं लघवी पिवळी होतेच, त्यात भ्यायचं काही नाही," ते म्हणाले. "रक्तातलं मीठ पार उतरलंय. या खातात काय? पाणी किती पितात?"

मी सांगायला लागले आणि सांगता सांगता मला रडू फुटलं. सुटल्याचं रडू होतं ते.

सलाईन हळूहळू चढवलं. डॉक्टरांनी जेवणात मीठ सुरू करायला सांगितलं, पाणी तहानेपुरतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लेकाला म्हणाल्या, "नेम मोडायला हिनंच सांगितलं आसंल डाक्तरला." म्हणजे पूर्ण शुद्धीवर आल्या होत्या.

घरी आल्यावर मी मीठ घातलेलं वरण आणि गरम भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"आधी तू खा."

मी खाल्लं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग जेवल्या. तेव्हापासून रोज तेच. गोळीसुद्धा आधी मी घ्यायची, मग त्या. दोघींचंही पिवळं व्हायला लागलं तेव्हा कुठे त्यांची रंगाची भीती गेली.

मला भयंकर राग यायचा. पण आमच्या गल्लीत सुना सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं गार जेवायच्या. तव्यावरची पहिली भाकरी खाणारी मीच एक. शेजारणी म्हणायच्या, सासू असावी तर अशी.

चातुर्मास संपला, गोळ्या संपल्या, मुंग्याही थांबल्या. ताट सरकवणं तेवढं थांबेना. एक दिवस त्यांनी माझ्या भाकरीवर स्वतःच्या हातानं तूप वाढलं.

"लय वाळलीस. खा."

एवढं बोलून त्या चुलीतलं लाकूड मागे ओढायला वळल्या. तेवढ्यात मी ते तूप हुंगून पाहिलं, आणि मग खाल्लं.