बोलणाऱ्याची खुर्ची

"तुम्ही तठे व्हतात का?"

तुम्ही तिथं होतात का, हा प्रश्न आमचे सर कुणालाही विचारायचे. लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत. कुणी जुन्या संपाचा किंवा मोर्चाचा विषय काढला की त्यांचा घास हातातच थांबायचा. समोरचा "हो" म्हणाला की तो फसलाच. शनिवारी त्याला शाळेत हजर व्हावं लागायचं. अशी पिच्छा पुरवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

धुळ्यात, देवपूरच्या शाळेत ते इतिहास शिकवत आणि मी गणित. ते गेले तेव्हा तिथं मी होतो. ओळखीचा असा मी एकटाच. तेव्हापासून लोक मला विचारतात आणि मी सांगतो, "अटॅक आला. काही त्रास झाला नाही." हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालंय की आता वर्गात हजेरी घ्यावी तसं ते आपोआप तोंडातून येतं. रडू आलेलं नाही. यायला हवं होतं असं वाटतं, पण तेही नुसतंच वाटतं.

तर शनिवारचं सांगत होतो. हातांची एक जुनी लाकडी खुर्ची होती, एक पाय किंचित आखूड. ती फळ्यासमोर यायची, तिच्यावर पाहुणा बसायचा आणि सर पोरांमध्ये खाली मांडी घालून. नियम एकच, डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं. कुणी ऐकीव सांगू लागलं की पोरं ओरडायची, "आयकेल का देखेल?" पुस्तकात राजांना पानंच्या पानं मिळतात, बाकीच्यांसाठी माझ्याकडे ही खुर्ची आहे, असं सर म्हणायचे.

एकदा जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या एक अक्का आल्या. तान्ह्या पोरांची झोळी बांधायला सावलीत जागा मिळावी म्हणून तिथल्या बायका काम सोडून फाटकात बसल्या होत्या. अक्का खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकल्या.

"मी काय सांगू भाऊ? मी ते नुसती बठेल व्हतू."

"कशावर बसला होतात?"

"गोणपाटवर."

"गोणपाट कुणाचं?"

"शेठनंच. मंग धुईसन परत दिधं."

पोरं खदखदून हसली आणि अक्का खुलल्या. झोळ्यांना जागा कशी मिळाली, तिथपर्यंत सगळं सांगून झालं तेव्हा घंटा वाजून गेली होती, ती कुणाला ऐकूच आली नव्हती.

एका मोर्चाचं सांगायला एक पुढारीही आले होते. ते "समाजाच्या उद्धारासाठी" इथपर्यंत पोचले आणि एका मुलीनं विचारलं, "नाना, त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं होतं?" नानांना आठवेना. शेजारी कोण चालत होतं तेही आठवेना. "असू द्या नाना," सर म्हणाले, "तुम्ही मंचावर असाल."

तपासणीला आलेल्या साहेबांनी इतिहासाचं शैक्षणिक साहित्य दाखवा म्हटलं, तेव्हा सरांनी ही खुर्ची पुढं केली. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. साहेब मात्र हसून बसले. "साहेब, तुम्ही कुठं होतात का?" सरांनी विचारलंच. साहेबांनी वसतिगृहात भातात अळ्या निघाल्या म्हणून पोरांनी केलेल्या उपोषणाचं सांगितलं. संडासात लपून एक केळं खाल्लं होतं, तेही सांगितलं. तपासणी राहूनच गेली.

निवृत्तीला शाळेनं शाल दिली. सरांनी खुर्ची मागून घेतली आणि घराच्या ओट्यावर शनिवार सुरू ठेवले.

जंगलजमिनीच्या मोर्चात पायी गेलेले एक आबा चोपड्याकडे राहतात, असं त्यांना कुठून तरी कळलं. आबा थकलेत, आता उशीर नको, असा त्यांनी धोशा लावला. माझ्या मोटारसायकलवरून आम्ही निघालो. वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. पुढचं माझं ते वाक्य तुम्ही ऐकलंच आहे.

दहावं झालं, पाहुणे पांगले. मी चपला घालत होतो तेवढ्यात सरांच्या बायकोनं, वहिनींनी हाक मारली. ओट्यावर त्या खुर्चीवर सरांचा हार घातलेला फोटो ठेवला होता. त्यांनी तो उचलून भिंतीशी टेकवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बठा भाऊ."

मी बसलो. वहिनी समोर फरशीवर बसल्या, शनिवारी पोरं बसायची तिथं.

"तुम्ही तठे व्हतात ना?"

"हो. अटॅक आला वहिनी. काही त्रास…"

"ते डाक्टरनं शे. देखेल सांगा."

खुर्ची डुगडुगली. सगळ्यांना सांगायचं ते डॉक्टरांचं वाक्य इथं चालणार नव्हतं. मी म्हणालो, चहा आला होता. सरांनी तो बशीत ओतला होता. चहावाल्याला काहीतरी विचारता विचारता त्यांनी छातीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माझी बाही धरली. इतकी घट्ट की उसवली.

"त्रास झाला वहिनी. बराच झाला."

त्यांनी मान हलवली. कितीतरी वेळ नुसती हलवत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "चहा पिधा का त्यासनी?"

"नाही. बशीतच राहिला."

आणि मग मला रडू फुटलं. वहिनी तशाच बसून राहिल्या, पुढचं ऐकायला.