फुग्यांच्या मशीनवर एक बाई

आमच्या आशागडच्या फुग्यांच्या कारखान्यात बायकांचं काम चेकिंगचं. फुगा फुगवून बघायचा, फुटका निघाला की फेकायचा. मशीन पुरुषांचं, पगारही त्यांचा जास्त. मला ते मशीन हवं होतं, आणि ते चालवत होता माझाच नवरा. घ्या!

एक दिवस शेठ धापा टाकत आले. "बेन, उद्या परदेशची पार्टी येते. त्यांची अट आहे, मशीनवर लेडीज पण पाहिजे, नायतर ऑर्डर नाय. तू नुसती उभी राहा. बटणाला हात नको लावू. तुझा नवरा मागून सांभाळेल."

म्हणजे मी बुजगावणं? डोकंच तापलं. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "ते काही नाही, मला शिकव."

त्याने कोळशाने भिंतीवर बटणं काढली. हिरवं चालू, लाल बंद, खालची मूठ वेगाची. मग रबराचा चीक म्हणून घावनांच्या पिठाचं पातेलं ओढलं आणि फुग्याचा साचा म्हणून हातात बाटली दिली. "हळू बुडव, हळू काढ. घाई केलीस की बुडबुडे." माझे कोपरापर्यंत हात पिठात, त्याचं नाक पिठात. सासूबाई डोकावल्या. "अगो बाय, आज घावनं बाटलीवर घालताय?" हसून हसून पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी परदेशी मॅडम आल्या. मी नव्या ॲप्रनमध्ये ऐटीत, नवरा मशीन चालू करून खोक्यांमागे लपलेला. फुग्यांची पावडर त्याच्या नाकात गेली आणि, आक्छी! बिचारा पांढराफटक होऊन उभा राहिला. शेठचं तोंड एवढंसं झालं. "मॅडम विचारतात, हा कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा हेल्पर!"

बायकांनी तोंडात पदर कोंबले. मॅडम म्हणाल्या, मग बंद करून परत चालू करून दाखवा. लाल दाबलं, थांबलं. हिरवं दाबलं, सुरू झालं. मूठ हळूच फिरवली. साचे रबराच्या चिकात बुडाले आणि लालचुटूक होऊन वर आले. एक बुडबुडा नाही! मी नाचायचीच बाकी होते.

ऑर्डर मिळाली. मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली तसे शेठ म्हणाले, "चल बेन, आता चेकिंगला."

रडूच आलं मला. नवऱ्याकडे बघितलं, तर तो खोकं उचलून निघालेला.

"अरे, तू कुठे? मशीनवर ये!" शेठ ओरडले.

"मी कसा येऊ, शेठ? मी तर हेल्पर."

शेठ एकदा त्याच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. मी डोळे पुसले आणि हिरवं बटण दाबलं. ते अजून मीच दाबते.