तेलसुद्धा मासाच

"ताई, मीठ बघा हो जरा."

दर रविवारी सकाळी वहिनी वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या राहायच्या. वाटीत बांगड्याचं नाहीतर सुरमईचं कालवण, अजून वाफाळतं. स्वतः थेंबसुद्धा जिभेला लावायच्या नाहीत. मी चाखायचे, "चिमूटभर घाला" म्हणायचे, की त्या मान डोलावून समोरच्या दारातून आत जायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, जगाला जेवू घालतील आणि स्वतः पेजेवर राहतील. पण वहिनींचं प्रकरण वेगळं होतं, आणि ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत या मजल्यावर आम्ही दोघीच मराठी. मी पुण्याची, केंद्र सरकारच्या फायली ढकलून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. त्या वेंगुर्ल्याकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी दिल्लीत आलेल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिलेल्या. मला मासे खायला त्यांनीच शिकवलं. सी. आर. पार्कच्या बाजारात बंगाली मासेवाल्याशी त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं असायचं. "भैया, ये कब का है? इसका आँख देखो, मेरे से ज्यादा थका हुआ है!" तो बिचारा हसत खालचा ताजा मासा वर काढायचा.

"एवढं कळतं, मग खात का नाही?" मी विचारायचे.

"सोडलंय."

बस. मला वाटलं, काशीला जाऊन सोडलं असेल. माझ्या आत्यानेही काशीत कारलं सोडलं होतं, जे तिला मुळात आवडायचंच नाही. लोक देवालाही असं बनवतात! वहिनींनी मात्र नेमकी जीव की प्राण असलेली गोष्ट सोडली होती.

मग त्यांना संधिवात जडला. साधी गुडघेदुखी नव्हे, हाताची बोटं सुजवणारा, वाकडी करणारा. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण, कुकर, औषधाची बाटली, सगळं उघडायला माझ्याकडे यायचं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी सूज आवरली होती, पण सकाळचा आखडलेपणा हटत नव्हता. तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच एकदा फिश ऑइलच्या कॅप्सूलचा विषय काढला. मी बरोबर होते.

"ले सकती हैं, माताजी," त्या म्हणाल्या. "कुछ लोगों को सुबह की अकड़न में थोड़ा आराम मिलता है, वो भी महीनों बाद. पर जादू मत समझिए. असली दवा बंद नहीं करनी है."

वहिनींनी हात जोडले. "मछली नहीं चलेगी, डॉक्टरसाब."

परतताना रिक्षात मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, मासा थोडाच खायचाय, नुसतं तेल आहे, तेही कॅप्सूलमध्ये बंद. जिभेला कळणारसुद्धा नाही.

"खोबरेल म्हणजे नारळ नव्हे काय? तेलसुद्धा मासाच, ताई."

"अहो, हात जाईल तुमचा अशाने!"

"हात माझा आहे," त्या म्हणाल्या. पुढे मी त्यांना जवसाची चटणी करून दिली. ती त्यांनी निमूटपणे खाल्ली, माझं मन राखायला.

त्यांचा एकुलता एक मुलगा दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहायचा, तिथल्याच एका संस्थेत संशोधन करायचा. रविवारी जेवायला यायचा. तो जेवत असला की वहिनी समोर बसून काटे काढून द्यायच्या, एवढ्या घोड्याला! हात वाकडे झाले तरी ते काम त्यांनी सोडलं नाही. आईची बोटं बघून तो अस्वस्थ व्हायचा. त्याने एक दिवस परस्पर फिश ऑइल आणलं आणि आईच्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून ठेवलं. "नवीन व्हिटॅमिन आहे, आई. रोज सकाळी एक." लेकाने दिलं म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही.

थंडीचे दिवस होते. गच्चीवर उन्हात बसून मी मटार सोलत होते, वहिनी नुसत्याच गप्पा मारत होत्या. मध्येच त्यांना ढेकर आली. आणि त्यांनी एकदम तोंडावर हात ठेवला. चेहरा पांढराफटक.

"ताई, हा बांगडो."

मला हसूच आलं. म्हटलं, "वहिनी, इथे मटार आहेत, बांगडा कुठला?" पण त्या उठून जिन्याकडे निघाल्याच होत्या. वीस-बावीस वर्षं चव घेतली नव्हती, तरी ती जीभ वेंगुर्ल्याची. तिला कोण फसवणार? खाली जाऊन त्यांनी डबी आणली, एक कॅप्सूल माझ्याकडून फोडून घेतली आणि हुंगली. मग मुलाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"मुनिरक्याला जाऊया. आत्ताच."

टॅक्सीत त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. मुलगा सहा वर्षांचा असताना मेंदूज्वराने आजारी पडला. तेव्हा त्या तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. नवरा दौऱ्यावर. हिंदूराव हॉस्पिटलचं नाव आपल्या माणसाचं वाटलं, म्हणून पोराला उचलून तिथे घेऊन गेल्या. पोर शुद्धीवर येईना. वॉर्डाबाहेर उभं राहून त्यांनी गावच्या रवळनाथाला हाक मारली, "देवा, पोर दे, मासे घे." दुसरं द्यायला त्यांच्याकडे होतं काय? पोर वाचलं. नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"देवाने पोर दिलं आणि त्याला दिलेलं मी आज परत घेतलं, ताई."

मी देवाधर्माची नव्हे. पण त्या वेळी मला त्यांना काही शिकवावंसं वाटलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले. खरं सांगते, ट्रॅफिकमध्ये टॅक्सी अडकली तेव्हा मीही त्याला फोन लावून पाहिला.

मुनिरक्याच्या त्या अंधाऱ्या जिन्यावरून वहिनी माझ्याआधी वर पोचल्या. दार उघडंच होतं. मुलगा गादीवर बसून मोमोज खात लॅपटॉपवर काहीतरी बघत होता, फोन चार्जिंगला लावलेला. वहिनींनी वाकड्या बोटांनी त्याचं कपाळ, गाल, मान चाचपली. मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडल्या.

"नवस म्हणजे मन्नत ना?" सगळं ऐकून त्याने विचारलं. दिल्लीत वाढलेलं पोर ते. "माझ्यासाठी? एवढी वर्षं?" मग त्याला रागच आला. "हे काय यार, आई! हात बघ तुझे! तू नाही खाणार ना? मग मी पण बंद. आजपासून मासे बिल्कुल बंद."

आम्हाला वाटलं, बोलून गेला. पण रविवारी आला तो खरोखर मासे सारून नुसता वरणभात जेवला. पुढच्या रविवारीही तेच. वहिनींनी आणलेला पापलेट तसाच कढईत. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला हाक मारून बोलावलं. लेकाच्या ताटासमोर बसल्या होत्या, डोळे सुजलेले.

"सांगा याला, ताई. अरे, तू खावंस म्हणून तर मी सोडलं! तूच नाही खाल्लंस तर माझा नवस कसला रे?"

"तू कॅप्सूल घे, मी खातो," तो म्हणाला. आईसारखाच हट्टी.

वहिनींनी एकदा त्याच्या ताटाकडे पाहिलं. मग डबीतून एक कॅप्सूल काढली, डोळे मिटले आणि पाण्याबरोबर गिळली. त्याने पापलेटचा तुकडा मोडला. त्यांनी काटे काढायला घेतले. मुलगा खूश होता, आईने जुन्या कल्पना सोडल्या म्हणून. मला मात्र वहिनींचा चेहरा दिसत होता. पोर आजारातून उठावं म्हणून एकदा दिलं होतं, आता पोर जेवावं म्हणून परत घेत होत्या, आणि देव यावर काय म्हणेल याची धास्ती त्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

त्यानंतर रोज सकाळी कॅप्सूल घेतली की त्या मुलाला फोन लावायच्या. "उठलास? बरा आहेस ना?" एवढंच. "बरा आहे गं," ऐकलं की फोन ठेवायच्या आणि मग माझ्याकडे चहाला यायच्या. ज्या दिवशी तो फोन उचलायचा नाही, त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभ्या राहायच्या. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. पुढ्यातल्या चहावर साय धरायची. त्याचा उलटा फोन येईपर्यंत त्या घोटभर चहासुद्धा घ्यायच्या नाहीत.

फरक पडला का म्हणाल, तर थोडा पडला असावा. उन्हाळ्यापर्यंत बरणीची झाकणं त्यांची त्या उघडू लागल्या. गोळ्यांमुळे, कॅप्सूलमुळे की थंडी सरल्यामुळे, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना.

पुढे दोन हिवाळे गेले. गेल्या जानेवारीत धुकं आणि धूर एवढा दाटला की वहिनींना न्यूमोनिया झाला आणि आठवडाभरात त्या गेल्या. जाताना मुलगा उशाशी होता. त्याच्याकडे बघून त्यांनी डोळे मिटले, एवढं तरी बरं झालं. मला अजून त्यांची फार आठवण येते, आणि आली की राग येतो, का ते माहीत नाही.

घर रिकामं करायला मुलगा आला तेव्हा माझ्याकडे बसला होता. बराच वेळ कपाशी चाळा करत राहिला.

"मावशी, आई ती कॅप्सूल घेतल्यावरच फोन करायची ना? मी बरा आहे की नाही, बघायला?"

"हो रे."

"मी कितीदा तरी उचलला नाही. झोपलेलो असायचो. वाटायचं, नंतर करू." त्याने मान वर केली नाही. "तेव्हा काय करायची ती?"

"काय करणार?" मी म्हणाले. "इथे माझ्याकडे निवांत चहा पीत बसायची."