डबीतलं पिल्लू आणि दारची गाय

मंडळी, आज स्वतःचीच इतकी लाज वाटली की इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या मुलीला तिच्या मावशीने ते पीं-पीं करणारं खेळणं दिलंय. अंड्याएवढी प्लास्टिकची डबी आणि तिच्या इवल्याशा पडद्यावर चार काळ्या ठिपक्यांचं पिल्लू. बटण दाबून त्याला भरवायचं, त्याची घाण काढायची. मला त्याचा मनापासून तिटकारा आहे. सकाळी शाळेत जाताना मुलगी म्हणाली, "मम्मी, इसको मरने मत देना हं. आणि खेळव त्याला, नाही तर रुसतं."

खेळ काय, तर पिल्लू तोंड डावीकडे वळवेल की उजवीकडे, ते ओळखायचं. कुठल्या मूर्खाला यात रस वाटेल? मला वाटला. पोळ्या झाल्या आणि मी ओट्याशी उभी राहून खेळत राहिले.

रोजची गाय दारात हंबरली. "आले गं," म्हणत मी आणखी दोन डाव खेळले. बाहेर गेले तर शेजारच्या भाभी हसल्या, "अब आ रही हो? वो तो कब की गई."

माझ्या सासूबाई गायीला पहिली पोळी दिल्याशिवाय घास घेत नाहीत. त्यांना शुगर आहे. "आजच्या दिवस जेवा ना," म्हटलं, तर म्हणाल्या, "डबीतलं जेवलं ना, सूनबाई? मग झालं."

भर उन्हात चार गल्ल्या हिंडले, तेव्हा गाय सापडली. सासूबाई दोन वाजता जेवायला बसल्या. त्यांनी वरणासाठी वाटी पुढे केली. तेवढ्यात डबी वाजली आणि खरं सांगते, मी उठले ती डबीकडेच.

तुमच्या घरात आहे का अशी डबी? कोणाच्या हातात असते, मुलांच्या की तुमच्या?